सेकंड हँड हार्ड डिस्कमधून दुसऱ्याच कुणाचे फोटो निघाले. काय करू?

काजवा:

शनिवारी सकाळी फोनने मला एक जुनी आठवण दाखवली. 'नऊ वर्षांपूर्वी, याच दिवशी.' फोटोत खिडकीपाशी खुर्चीवर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई, मांडीवर बाळ, आणि बाळाच्या मुठीत त्यांच्या चष्म्याची दोरी. फोटो सुंदर आहे. पण त्या बाई माझ्या कुणी नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

झालं असं. पाच महिन्यांपूर्वी मी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क सेकंड हँड घेतली. विकणारा जुने कॉम्प्युटर घाऊक उचलतो, कुठली डिस्क कुणाची याची नोंद त्याच्याकडे नसते. मी लावली तेव्हा ती पूर्ण रिकामी दिसत होती. मी माझे बॅकअप टाकायला लागले. मग पंधरा दिवसांपूर्वी घाईघाईत माझ्या भाषांतरांचा एक अख्खा फोल्डर डिलीट केला. दुसरी कॉपी नव्हती. कुणीतरी फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर सुचवलं. रात्रभर चालवलं आणि सकाळी माझं काम परत मिळालं, मी अक्षरशः रडले.

पण माझ्या फाइल्सबरोबर सहा हजारांच्या वर असे फोटो आले जे माझे नाहीत. हे सॉफ्टवेअर फाइलींची मूळ नावं परत आणत नाही. 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा, एवढंच नाव. त्यामुळे आपलं कुठलं नि परकं कुठलं हे उघडल्याशिवाय कळेना, आणि मी उघडत गेले. त्यात एक व्हिडिओ होता, चाळीस सेकंदांचा. त्याच बाई, आता अंथरुणावर. कॅमेऱ्यामागून एक आवाज विचारतो, "मी कोण, सांग बघू?" त्या नीट विचार करून एक नाव सांगतात. कॅमेरा थोडा खाली येतो, फरशी दिसते, पलंगाखालच्या चपला दिसतात, आणि तो आवाज म्हणतो, "बरं, असू दे."

हा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा माझी फाइल समजून पाहिला. दुसऱ्यांदा पाहायला मला काही कारण नव्हतं. तेव्हापासून मन लागत नाही.

हे सगळं पुसून टाकू? की ज्यांचं आहे त्यांना शोधू? त्यांच्याकडे याची दुसरी कॉपी नसेल तर? आणि शोधायचं म्हटलं तर आणखी फाइली उघडाव्या लागणार, म्हणजे आणखी डोकावणं आलं.

तारायंत्र:

ताई, आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. रिकव्हरीचा फोल्डर क्लाउडला सिंक होणाऱ्या जागी पडलाय, नाहीतर फोनवर ती आठवण आलीच नसती. सिंक थांबवा. आता हे फोटो डिस्कवर, लॅपटॉपवर, क्लाउडवर आणि फोनवर असे चार ठिकाणी आहेत, आणि फोनने एव्हाना चेहऱ्यांचे गट पाडायला घेतले असतील. क्लाउडवरून काढलेत तरी ट्रॅशमध्ये बरेच दिवस पडून राहतात, तिथूनही काढा.

मी चौदा वर्षं डेटा रिकव्हरीचं काम करतो. तुमच्या बाबतीत घडलं ते रोज घडतं. फाइल डिलीट केली किंवा साधा क्विक फॉरमॅट मारला की फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. त्यावर नवं काही लिहिलं गेलं तरच तो मिटतो. तुमचे बॅकअप टीबीच्या मानाने थोडे असणार, म्हणून खाली आधीच्या मालकाचं बहुतेक सगळं शाबूत राहिलं. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या एमआयटीच्या दोघांनी अशा १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या होत्या. २००३ साली त्यांचा लेख आला. १२९ चालू निघाल्या आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. एक तर एटीएम यंत्रातली दिसत होती, लोकांच्या खात्यांच्या नंबरांसकट. आजही माझ्या टेबलावर येणाऱ्या डिस्क बघून मला फार फरक पडलेला दिसत नाही.

माझं मत म्हणाल तर पुसा. आमच्याकडे नियम आहे: फाइल उघडते की नाही तेवढं बघायचं, आत काय आहे ते वाचायचं नाही, आणि चेहरा ओळखीचा निघाला तर काम शेजारच्या टेबलावर द्यायचं. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या लेखातले ३५ फेरे, म्हणजे पुसण्यासाठी डिस्कवर ३५ वेळा लिहिणं, ऐकून लोक घाबरतात, पण ते त्या काळच्या डिस्कसाठी होते. आजच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहिली की पुरतं. एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली, चिपवर लिहिणारी डिस्क असेल तर मात्र कंपनीचं सिक्युअर इरेज, म्हणजे सगळं पुसायची खास सोय, वापरायचं, कारण ती कुठे लिहायचं ते स्वतः ठरवते आणि जुन्या जागा तशाच राहू शकतात.

रेघोट्या:

नका पुसू. हात जोडून सांगते.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात भावाने त्यांचा फोन रीसेट करून एक्स्चेंजला दिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, ड्रॉवर आवरत होता. त्यात बाबांचे व्हॉइस मेसेज होते. ते टाइप करायचे नाहीत, सगळं बोलूनच पाठवायचे. माझ्याकडे आलेले मी दर महिन्याला जागा नाही म्हणून साफ करत राहिले. आज माझ्याकडे त्यांचा आवाज अकरा सेकंद आहे. "पोचलीस का? दार नीट लावून घे. पाऊस आहे का तिकडे?" एवढाच.

काजवा, मला कुणी अनोळखी माणसाने लिहिलं असतं की तुमच्या बाबांचं काहीतरी माझ्याकडे आलंय, तर त्याने काय काय पाहिलं हे मी विचारलंही नसतं. तुम्ही व्हिडिओ दोनदा पाहिलात यात मला गुन्हा दिसत नाही.

तारायंत्र दादा, त्या फोनमधून काही निघालं असतं का हो? इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नाही.

तारायंत्र:

फोन हातात असता तरी बहुतेक नाही. अलीकडच्या फोनवर सगळं कुलूपबंद स्वरूपात लिहिलेलं असतं आणि रीसेट केला की किल्लीच नष्ट होते. त्यामुळे तुम्ही उशीर केलात असं मनाला लावून घेऊ नका. त्या अकरा सेकंदांच्या आजच्या आज तीन कॉपी करा, त्यातली एक घराबाहेर ठेवा.

उंबरठा:

रेघोट्या, तुमचं वाचून पोटात तुटलं. तरीही मी वेगळं बोलणार आहे.

घर सोडून आलेल्या बायकांसोबत माझं काम असतं. त्यांच्यातल्या काहींनी जुना फोन, जुनी डिस्क मुद्दाम पुसलेली असते. ते आयुष्य पुन्हा समोर यायला नको असतं. अशा बाईला एक दिवस परक्या माणसाचा मेल येतो की तुमचे सहा हजार फोटो माझ्याकडे आहेत. तुमचा हेतू शुद्ध आहे हे इथे आम्हाला माहीत आहे, तिला कसं कळणार? तिला पहिलं वाटेल की याला पैसे हवेत. दुसरं वाटेल की हा तिकडूनच आलाय.

आणि 'दुसरी कॉपी नसेल तर' हे काजवांचं अनुमान आहे. डिस्क विकणाऱ्याला ती पुसली गेली असंच वाटत होतं. पुसणं हा त्याचा निर्णय असू शकतो.

दोनदा पाहण्याबद्दल: तुम्हाला टोचतंय ते बरोबर टोचतंय असं मला वाटतं. ते कुणी पुसून टाकू नये, तुम्हीही नाही.

काजवा:

तिघांशीही समोरासमोर बोलल्यासारखं वाटलं. सिंक बंद केला, क्लाउड आणि फोन साफ केला, ट्रॅशसुद्धा. फोनने खरोखरच त्या बाईंचा गोल चेहरा वेगळा काढून खाली 'नाव द्या' असं लिहून ठेवलं होतं. माझ्या आईच्या शेजारी.

उंबरठा, तुम्ही म्हणता ते मी नाकारू शकत नाही. पण मला असंही दिसतं की पुसणं माझ्यासाठी सोपं आहे. एक बटण दाबलं की मी मोकळी, आणि त्यांना कधी कळणारही नाही की कुणीतरी त्यांच्यासाठी ठरवून टाकलं. विचारण्याचा काही मार्ग आहे का, ज्यात मला आणखी काही उघडावं लागणार नाही?

तारायंत्र:

आहे. कागदपत्रांच्या फाइलींतून फक्त ईमेलचे पत्ते गोळा करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. मजकूर पडद्यावर येत नाही, पत्त्यांची यादी आणि कुठला किती वेळा आला तेवढं कळतं. तुमचे स्वतःचे पत्ते वगळा. जो सगळ्यात जास्त वेळा येईल तो बहुतेक मालकाचा. व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

उंबरठा:

पाठवणारच असाल तर एकच मेल. फोटो जोडू नका, नमुना म्हणून एकसुद्धा नाही. कोण दिसतं त्याचं वर्णन नको, कारण तो पत्ता आता कोण उघडतं ते आपल्याला माहीत नाही. विकल्प त्यांच्या हातात द्या, महिनाभर उत्तर नाही आलं तर पुसा. आणि 'मी काहीच पाहिलं नाही' असं लिहू नका. पहिल्याच ओळीत खोटं येईल.

काजवा:

एक पत्ता सतरा वेळा आला. हे लिहिलं:

'नमस्कार. मी एक जुनी हार्ड डिस्क विकत घेतली. माझ्या हरवलेल्या फाइली शोधताना त्यात पूर्वीच्या मालकाच्या फाइलीही परत आल्या. तुमचा पत्ता त्यात होता. माझ्या समजून मी काही फोटो आणि एक व्हिडिओ उघडला, आणि तो व्हिडिओ दुसऱ्यांदाही पाहिला, त्याबद्दल माफी मागते. त्यानंतर काही उघडलेलं नाही, कुणाला दाखवलेलं नाही. सगळं पुसू का, तुम्हाला पाठवू का, एवढंच सांगा. मला काहीही नको आहे. महिन्यात उत्तर आलं नाही तर पुसून टाकीन आणि पुन्हा लिहिणार नाही.'

'दुसऱ्यांदाही' हा शब्द तीन वेळा काढला आणि परत घातला. पाठवलाय.

काजवा:

नवव्या दिवशी उत्तर आलं. परवानगी घेऊन इथे लिहिते. त्यांनी स्वतःबद्दल फारसं सांगितलेलं नाही. व्हिडिओतल्या बाई त्यांच्या मावशी. डिस्क त्यांनी विकलीच नव्हती, घर बदलताना कुठल्याशा खोक्याबरोबर गेली. मग लिहिलंय: 'तुम्ही काही निवडून वेगळं करू नका. डिस्कच पाठवाल का? माझं मी काढून घेईन. तुमच्याकडच्या कॉपी काढून टाका.'

मी लगेच हो म्हटलं. दुपारी बॅकअप नव्या डिस्कवर हलवले, लॅपटॉपवरचा रिकव्हरीचा फोल्डर पुसला, डिस्कवरच्या माझ्या फाइली डिलीट केल्या आणि पाकिटाला चिकटपट्टी लावता लावता हात थांबला. डिलीट म्हणजे काय हे याच धाग्यावर शिकले ना मी. माझे वैद्यकीय रिपोर्ट, पगाराची कागदं, कॉलेजपासूनची पत्रं, आईबरोबरचे दवाखान्यातले फोटो, सगळं खाली तसंच आहे. त्यांचं काढायला त्या फोटोरेक चालवणार आणि माझंही वर येणार.

तारायंत्र दादा, फक्त माझ्या जागांवर शून्यं लिहिता येतील का?

तारायंत्र:

डिलीट करण्याआधी विचारलं असतंत तर बऱ्याच अंशी जमलं असतं. तुमच्या फाइली जागच्या जागी पुसता आल्या असत्या. आता डिस्कच्या दृष्टीने तुमचं नि त्यांचं दोन्ही मोकळी जागाच आहे. मोकळ्या जागेवर शून्यं लिहिलीत तर दोन्ही जाईल. फोटो तरी वेगळे करता येतात. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार ढीग लावतं, उघडायची गरज नाही. पण त्यांनी निवडू नका म्हटलंय.

काजवा:

हो, म्हटलंय. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

रात्र गेली यात. सकाळी पाकीट उघडून आत चिठ्ठी ठेवली: 'यात माझ्याही फाइली निघतील. पाच महिन्यांच्या. नावं नसतील, नुसते आकडे असतील, त्यामुळे उघडल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. तुमचं झालं की डिस्क पूर्ण पुसून टाका, कसं ते खाली लिहिलंय.' खाली दादांनी सांगितलेल्या पायऱ्या लिहिल्या, सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं, आणि रिकव्हरीचा फोल्डर क्लाउडला सिंक होणाऱ्या जागी ठेवू नका हे अधोरेखित केलं.

काल डिस्क पोचली.