मदत हवी आहे : जर्मनीतील मास्टर्ससाठी यंदाच अर्ज करावा की एक वर्ष थांबावे?

नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी पुण्यात यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला जर्मनीतील सरकारी विद्यापीठात मेकॅट्रॉनिक्समध्ये (यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रण प्रणाली यांचा एकत्रित विषय) मास्टर्स करायचे आहे. आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच असल्यामुळे विचारायला जवळचे कोणी नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सहाव्या सत्रापर्यंत तिचा सरासरी सीजीपीए ७.४ आहे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ मिळाले असून मॅक्समुलर भवनात जर्मन भाषेची ए२ पातळी पूर्ण झाली आहे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक झालेले एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचा दाखला) अजून काढलेले नाही. त्याचे १८,००० रुपये शुल्क भरण्यापूर्वी पुढची दिशा ठरावी, असे आम्हाला वाटते.

पहिली अडचण गुणांच्या रूपांतराची आहे. जर्मनीत १ ही सर्वोत्तम आणि ४ ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी मानतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, भागाकाराला ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा, असे त्यांचे सूत्र आहे. उत्तीर्णतेचा किमान गुण ४ धरला तर मुलीची श्रेणी २.३ येते, ५ धरला तर २.५६ येते. तिने निवडलेल्या अभ्यासक्रमांपैकी तिघांची अट २.५ ची आहे, म्हणजे या एका आकड्यावर ती पात्र किंवा अपात्र ठरणार. तिच्या विद्यापीठाच्या नियमांत किमान गुण ४ आहे, पण तो गुणपत्रिकेवर छापलेला नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या ठिकाणी बहुतेक मास्टर्ससाठी ३१ मे रोजीच संपते. तिच्या आठव्या सत्राचा निकाल मात्र जुलै-ऑगस्टपूर्वी लागणार नाही. तेव्हा सहा-सात सत्रांच्या गुणांवर अर्ज करावा, की पदवी हातात घेऊन, वर्षभर नोकरी करून, वाढलेल्या गुणांसह पुढच्या वर्षी करावा?

खर्चाचा विचारही आहेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये दाखवावे लागतात, आणि बँकेने शेतजमीन तारण घेण्यास नकार दिला आहे. एका सल्लागार संस्थेने "एवढ्या गुणांवर सरकारी विद्यापीठ विसरा" असे सांगून मोठे शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठाचे पत्रक आमच्या हाती ठेवले. त्या दिवसापासून मुलगी खचली आहे, आणि सरकारी विद्यापीठ मिळू शकते हे तिचे म्हणणे खरे की त्या संस्थेचे, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी २०१९ साली ब्राउनश्वाइगला मास्टर्ससाठी आलो आणि आता येथेच नोकरी करतो. आमच्या वेळी एपीएस नव्हते. बाकी तुमची बहुतेक कोडी आम्हीही सोडवली आहेत.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून थांबण्याचा लाभ आकड्यांत पाहू. उरलेल्या दोन सत्रांत तिला ८.२ मिळाले, तरी सर्व सत्रांचे श्रेयांक समान धरल्यास एकूण सरासरी ७.६ होईल आणि जर्मन श्रेणी २.३ वरून २.२ वर येईल. एवढ्यासाठी वर्ष घालवू नये. पदवी पूर्ण होण्याआधीचे अर्ज अनेक विद्यापीठे स्वीकारतात आणि अंतिम प्रमाणपत्र नंतर दाखल करू देतात. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर तसे लिहिलेले असते, ते वाचून यादी करावी. एपीएस आताच काढावे, कारण ते व्हिसासाठीही लागते.

माझ्या मते गुणांपेक्षा मोठा प्रश्न विषयांचा आहे, आणि त्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. जर्मनीत पदवीचे नाव पाहून प्रवेश देत नाहीत. गणित, नियंत्रण प्रणाली, विद्युत अभियांत्रिकी या प्रत्येक गटात किती ईसीटीएस (युरोपातील श्रेयांक) झाले, हे मोजतात. एका वर्षाचे ६० ईसीटीएस असतात आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. त्यामुळे आपल्या श्रेयांकांचा आकडा जसाच्या तसा न लिहिता, विषयवार तास आणि अभ्यासक्रमातील घटक दाखवणारा तक्ता तयार करावा लागतो. यांत्रिकच्या मुलांचे अर्ज मेकॅट्रॉनिक्सला बहुधा नियंत्रण प्रणाली आणि इलेक्ट्रॉनिक्स या गटांतच अडतात. पदवी झाल्यावर ही उणीव भरून काढणे फार अवघड असते. आठव्या सत्राचे ऐच्छिक विषय अजून निवडायचे असतील, तर हीच संधी आहे. तूट थोडी असेल तर काही विद्यापीठे ते विषय येथे पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश देतात.

युनि-असिस्टमार्फत (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था) होणाऱ्या पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात, म्हणून विषय जुळणारे सहा-सात अभ्यासक्रमच निवडावेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला ४,००० किंवा ६,००० युरो शुल्क आहे, हे खर्चाच्या वहीत आधीच लिहून ठेवा. २.३ ला सरकारी विद्यापीठ मिळत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही; माझी स्वतःची श्रेणी २.४ होती.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. मुलीला हे वाचून दाखवले. तिने रात्रीच चार अभ्यासक्रमांच्या विषयसूची उतरवून घेतल्या, आणि नियंत्रण प्रणालीत तिची तूट खरोखरच निघाली. ऐच्छिक विषय निवडण्याची मुदत अजून दहा दिवस आहे. ती उद्याच विभागप्रमुखांना भेटेल. एक शंका उरते : उत्तीर्णतेचा किमान गुण ४ असल्याचे पत्र महाविद्यालयाने दिलेले चालते, की विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचेच लागते?