मदत हवी आहे: पोटमाळ्याच्या खांबाला कोच स्क्रू किती जाडीचे? एक आतच तुटलाय

पोटमाळेकर
खोली लालबागच्या जुन्या चाळीत, पहिल्या मजल्यावर. ८ × ४ फुटांचा पोटमाळा करायचाय. वर सामान, अधूनमधून एक जण झोपणार. १०० × १०० मिमीचे सालवुडचे चार खांब, त्यांना आतल्या अंगाने ५० × १५० च्या दोन तुळया, वर कड्या आणि फळ्या. मागचे दोन खांब भिंतीला चिकटून आहेत, पुढचे मोकळे. लाकूड रे रोडचं. नागदेवीतून १० × १४० मिमीचे झिंकवाले कोच स्क्रू आणले (लाकडात घालायचे, षटकोनी मुंडीचे, पान्याने फिरवायचे जाड स्क्रू; दुकानदार लॅग बोल्ट म्हणत होता).

६ मिमीच्या बिटाने दोन्ही लाकडांत एकच भोक पाडलं आणि इम्पॅक्ट गनने स्क्रू घातला. बोटभर राहिला असताना कर्रर्र झालं आणि मुंडी सुटून आली. वर तुळई नि खांबात नाणं जाईल एवढी फट. १२ मिमीचे घेऊ का? एका सांध्याला किती? आणि तुटलेला कसा काढू?

गिरमिट
जाडी वाढवून काही होणार नाही. दोष भोकाचा आहे.

कोच स्क्रूला दोन मापांची भोकं लागतात. मुंडीखालचा बिनआट्याचा भाग तुळईतून सैल जायला हवा, म्हणून तुळईत पूर्ण १० मिमी. आटे फक्त खांबात धरायचे. तिथलं भोक लाकडाप्रमाणे बदलतं. १० मिमीच्या स्क्रूचा आट्यांच्या मुळाशी व्यास ७ च्या आसपास असतो, त्यामुळे सालसारख्या कडक लाकडात ७.५, सागात ६.५ ते ७, पाइनमध्ये ५.५ ते ६. तुम्ही सालमध्ये ६ चं पाडलंत आणि त्यात १० मिमीचा दांडा ठोसलात. पीळ जाणार कुठे? मुंडीखालीच मोडणार.

फटीचं कारणही हेच. आट्यांनी तुळई आणि खांब दोन्ही धरले. मग स्क्रू कितीही फिरवा, दोन्ही लाकडं बरोबरच सरकतात, फट मिटत नाही. तुळईत १० चं भोक असलं की मुंडी तुळईला दाबते आणि आटे खांबाला ओढतात.

आट्यांना मेणबत्ती घासा. साबणानेही जातो, पण साबण ओल धरतो. इम्पॅक्ट गन फक्त अर्ध्यापर्यंत, पुढे १७ चा बॉक्स पाना नि हात. वायसर टेकला की पाव फेरा, बस. वायसर लाकडात रुतायला लागला म्हणजे जास्त झालं. पाना अचानक हलका फिरला तर आतले आटे गेले. मग त्या भोकात काड्या कोंबू नका, तिथे १२ चा घाला. तुम्हाला १२ लागलाच तर असा.

तीनसुती
गिरमिटभाऊंचं भोकाचं बरोबर, पण मुळात अख्खं वजन स्क्रूवर का टांगताय?

हिशेब करा. ८ × ४ फूट म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर. राहत्या खोलीला आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) चौरस मीटरमागे २ किलोन्यूटन धरायला सांगतं, म्हणजे ढोबळ २०० किलो. ६०० झाले, त्यात लाकडाचं स्वतःचं शंभरेक किलो. कोपऱ्यामागे १७५ किलो. तुमच्या मांडणीत ते दोन स्क्रूंच्या दांड्यावर येतं. खांबाच्या माथ्याला २५ मिमी खोल, १५० मिमी उंच खाच काढा आणि तुळई त्या पायरीवर बसवा. वजन लाकडावर गेलं, स्क्रू फक्त तुळईला जागेवर धरतो.

दुसरं म्हणजे जिथे मागे हात पोचतो तिथे आरपार नट-बोल्ट. कोच स्क्रू ही मागे हात पोचत नाही तेव्हाची सोय आहे. पुढच्या खांबांना १० × १५० चे बोल्ट: खाचेनंतर ७५ चा खांब, ५० ची तुळई, दोन वायसर नि नट, बरोबर बसतात. भोक ११ मिमी. मागच्या दोघांना कोच स्क्रू, पण १४० चे नकोत, खाचेनंतर टोक भिंतीत घुसेल. ११० चे घ्या. खांबातलं भोक ६० मिमी खोल, बिटाला चिकटपट्टी लावून खूण करा. वजन खाचेवर नसतं तर खांबात स्क्रूच्या जाडीच्या आठपट, म्हणजे ८० मिमी पकड हवी होती.

सांध्याला दोन. तुळईच्या १५० उंचीत वरून ४० नि खालून ४० सोडा, मध्ये ७० राहतात. दोन्ही एका उभ्या रेषेत नकोत. खांबाची शीर (लाकडाचे तंतू) उभी जाते, त्याच रेषेत दोन भोकं पडली की तडा तिथूनच. एकमेकांपासून २० मिमी आडवे सरकवा.

पोटमाळेकर
१४० चे डझनभर आणलेत 🙁 परत घेतो का बघतो. तुटलेल्याचं काय? त्याच्या आजूबाजूलाच खाच येणार.

गिरमिट
ते तर बरंच झालं. फटीत हॅकसॉचं पातं घालून तो तिथे कापा, तुळई सुटेल. मग खाच काढताना पटाशी त्याच्याभोवतीने चालवा, लोखंडाला लागू देऊ नका, धार जाईल. २५ मिमी उतरलात की तेवढाच तुकडा बाहेर दिसेल. तो लॉकिंग पकडीत धरून उलटा फिरवा, येतो. नवी भोकं जुन्यापासून निदान ४० मिमी दूर.

कडीपाट
स्क्रूवर एवढी चर्चा झाली, पण खांब उभे कशावर आहेत? लालबागची जुनी चाळ, पहिला मजला. खाली कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या) आहे की स्लॅब?

पोटमाळेकर
कडीपाट. वर शहाबादी.

कडीपाट
मग १७५ किलो एका फरशीवर उतरवू नका. दोन कड्यांच्या मध्ये खांब आला तर खालचा पाट वाकतो, फरशी फुटते. कड्या कुठल्या दिशेने जातात ते खालच्या खोलीच्या छतावरून कळतं. प्रत्येक जोडीच्या खांबांखाली ५० × १५० ची आडवी फळी अशी घाला, की ती निदान दोन-तीन कड्यांवर टेकेल. जुन्या कड्यांत भोक पाडायचं नाही, खाच तर नाहीच. भिंतीलाही तुळई अडकवायच्या फंदात पडू नका, चुन्याच्या जोडणीत फुगणारे अँकर सैल होतात. आणि मालक किंवा म्हाडा, ज्याचं असेल त्याची परवानगी घ्या, एका स्ट्रक्चरलवाल्याला कड्या दाखवा. बाथरूमच्या ओलीने कडीचं भिंतीतलं टोक कुजलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही.

तीनसुती
हे पहिलंच विचारायला हवं होतं, खरंय.

राहिलेलं: वायसर ३० मिमी बाहेरच्या व्यासाचे मागा, २० वाले रुततात. तिरके आधार चारही कोपऱ्यांत द्या, नाहीतर माळा हलून हलून भोकं मोठी होतील. आधाराच्या कापलेल्या टोकात स्क्रू घालू नका, शिरेच्या दिशेने पकड कमी, बाजूनेच धरा. खोलीत झिंक चालेल, पण मोरीजवळच्या खांबाला हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या आणि नटही त्याच सेटचे, जाड लेपामुळे साधा नट चढत नाही.

पोटमाळेकर
साल नुकतंच चिरलेलं वाटतंय, हाताला गार लागतं. थांबू का?

गिरमिट
पावसाळ्यात उभं केलंत तर दिवाळीनंतर ते आटेल आणि वायसर सैल होतील. उभं करायला हरकत नाही, पण डिसेंबरात पाना घेऊन सगळे तपासा. नट-बोल्ट हवे तेवढे आवळा. कोच स्क्रू पाव फेऱ्याच्या वर नाही.