दोन उत्तरांतलं एक निवडताना माझी जबाबदारी किती?

रातपाळी:
गेली दोन वर्षं मी एआयची उत्तरं तपासायचं काम करते. स्क्रीनवर एक प्रश्न, खाली दोन उत्तरं, त्यातलं बरं कुठलं ते सांगायचं. माझ्यासारख्या असंख्य जणांच्या पसंतीवरून मॉडेल बोलायला शिकतं.

मागच्या महिन्यात प्रश्न आला: ८ किलोच्या बाळाला ताप आहे, पॅरासिटामॉल किती द्यायचं? पहिलं उत्तर ठाम, मुद्देसूद: २५० मिलिग्रॅम. दुसरं म्हणत होतं, खात्री नाही, डॉक्टरांना विचारा. टायमर पळत होता. मी पहिलं निवडलं. घरी येऊन हिशेब केला. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८० ते १२०. दुपटीहून जास्त डोस मी 'चांगला' ठरवला होता, आणि एकदा पाठवलेलं परत घेता येत नाही.

एआयपासून मानवजातीला धोका आहे असं कुणी म्हटलं की मला ते एक क्लिक आठवतं. ठामपणे खोटं बोललं की माणसं खूश होतात, हे मी त्याला शिकवलं. माझा वाटा किती? 'मनाला लावून घेऊ नका' एवढं मात्र सांगू नका.

जुना वाचक:
२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत यंत्रणेनं अमेरिकेची क्षेपणास्त्रं येताहेत असं दाखवलं. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हनी वर कळवलं की इशारा खोटा आहे. उपग्रह ढगांवर चमकणाऱ्या उन्हाला फसला होता. पण पेत्रोव्ह अधिकारी होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं. तुम्हाला काही सेकंद आणि दोन बटणं. ज्यानं टायमर लावला त्याचा वाटा आधी मोजा.

मनवा:
टायमरचं पटतं, पण बरोबर उत्तर ताईंच्या समोरच होतं. वाटा आहेच. तरी वरच्यांचं बघा. मे २०२३ मध्ये एका वाक्याचं निवेदन निघालं: एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका टाळणं हे महासाथी आणि अणुयुद्धाइतकंच महत्त्वाचं मानावं. सह्या करणाऱ्यांत एआय बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचे प्रमुखही होते. सही केली आणि शर्यतही चालू ठेवली. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लॅट यांना १९४४ मध्ये कळलं की जर्मनी अणुबॉम्ब बनवत नाहीये, आणि ते अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प सोडून निघाले. राग येतो तो याचा, की ज्यांना थांबणं परवडतं तेच थांबत नाहीत.

रातपाळी:
मनवा, खरंय, समोरच होतं. मी त्या प्रश्नाचा क्रमांक देऊन सुपरवायझरना लिहिलं. उत्तर आलं, हजारो मतांत एखादं चुकलं तर सरासरीत निघून जातं. मी परत लिहिलं: टायमर सगळ्यांनाच तेवढाच आहे, मग सगळे एकाच बाजूला चुकतील, सरासरी कुठून सुधारणार? त्यावर अजून काही आलेलं नाही.

सध्या औषधाचा प्रश्न आला की मी आधी हिशेब करते. वेळ संपून प्रश्न निघून जातो, त्याचे पैसे मिळत नाहीत. या आठवड्यात असे अकरा गेले.