सीडर पॉइंटला सगळं घर घेऊन जायचंय: मुलगा घाबरतो, आजी-आजोबाही सोबत आहेत

कुर्डुवाडीची सून

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो. सासू-सासरे मे महिन्यात आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. मुलांनी ओहायोतल्या सीडर पॉइंटचा, म्हणजे उंच रोलर कोस्टर असलेल्या करमणूक पार्कचा, हट्ट धरलाय. टोलेडोवरून गेलं तर सव्वादोन-अडीच तासांचा रस्ता, म्हणजे पहाटे निघून रात्री परत यायचा विचार आहे.

मुलगी अकरा वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच. तिला सगळ्यांत उंच, सगळ्यांत वेगवान तेवढंच हवंय. मुलगा आठचा, चार फूट एक इंच. त्याला ताईबरोबर जायचंयही आणि भीतीही वाटते. रात्री झोपताना विचारतो, "गाडी वर चढताना साखळी तुटली तर? उलटी झाली की आपण पडणार नाही का?" मी नुसतं "काही होत नाही रे" म्हणते, पण त्याचं समाधान होत नाही. ताई चिडवते तेव्हा तर अगदी रडवेला होतो.

सासरे बहात्तर वर्षांचे, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. गुडघे दुखतात, पण हिंडायची हौस दांडगी. सासूबाईंना बीपी आहे, त्या कशातच बसणार नाहीत. नवरा म्हणतो, "आई-बाबांना तिथे काय करमणार? त्यांना घरी ठेवू, मित्राकडून जेवण येईल." मला ते पटत नाही. इतक्या लांब ते घरात टीव्ही बघायला आलेले नाहीत.

तर मुलाला कुठून सुरुवात करून द्यावी आणि आजी-आजोबांचा दिवस कसा चांगला जाईल, हे सांगाल का? फास्ट लेनचे, म्हणजे रांगेत कमी थांबावं लागणाऱ्या जादा तिकिटाचे, पैसे घालावेत का, तेही सांगा.

टोलेडोकर

ताई, आई-बाबांना नक्की न्या. तुमचे सासरे कुर्डुवाडी वर्कशॉपचे आहेत हे वाचूनच लिहायला बसलोय. मी मूळचा साताऱ्याचा, पोटापाण्याचा धंदा बेअरिंगांचा. सीडर पॉइंटला उन्हाळाभर जात असतो. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच आहे. ते आजोबांना देऊ द्या.

मुलाचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि त्यांना खरी उत्तरं आहेत. "काही होत नाही" हे उत्तर नव्हे. आजोबांना कागद-पेन्सिल द्या आणि डब्याची चाकं काढून दाखवायला सांगा. रेल्वेचं चाक रुळावर टेकतं आणि कडेच्या कंगोऱ्यामुळे जागेवर राहतं. बहुतेक लोखंडी रोलर कोस्टरचा रूळ गोल नळीचा असतो आणि प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच त्याला धरून असतात: एक वरून, एक बाजूने, एक खालून. खालचं चाक आहे म्हणून डबा रुळावरून उचलला जाऊ शकत नाही, मग उलटा होवो की टेकडीच्या माथ्यावर उडी मारो.

साखळीचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या चढावर गाडी वर जाताना जो "खट्-खट्-खट्" आवाज येतो, तो डब्याखालचा लोखंडी खटका दातेरी पट्टीवर एकेक दात पुढे सरकल्याचा असतो. साखळी तुटली तर गाडी मागच्याच दातावर अडकून उभी राहील, खाली येणार नाही. मुलाला सांगा, तो आवाज भीतीचा नाही, पहारेकऱ्याचा आहे. (तिथल्या मिलेनियम फोर्स या राइडवर साखळी नाही, तारेच्या दोराने ओढतात. तिथे हा आवाज येत नाही. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमका तिथेच घाबरेल.)

आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळत का नाहीत? इथे आजोबा खुलतील बघा. सगळा मार्ग तुकड्यांत वाटलेला असतो आणि पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला आत सोडत नाहीत. रेल्वेच्या ब्लॉकचंच तत्त्व आहे, फक्त केबिनमधल्या माणसाच्या जागी संगणक बसलेला असतो.

अपघात कधीच होत नाहीत असं मात्र मुलाला सांगू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये सीडर पॉइंटच्याच टॉप थ्रिल ड्रॅगस्टर या राइडच्या गाडीचा धातूचा तुकडा सुटून खाली रांगेत उभ्या असलेल्या बाईंना गंभीर दुखापत झाली. ती राइड त्या रूपात पुन्हा कधीच सुरू झाली नाही. बदल करून २०२४ मध्ये टॉप थ्रिल २ म्हणून आणली, तीही थोडे दिवस चालून लगेच बंद ठेवली आणि २०२५ मध्ये परत उघडली. मी मुलांना हे सगळं सांगतो. बंद करायची वेळ आली की बंद करतात, हे कळलं की मुलांचा विश्वास बसतो.

आता क्रम. चार फूट एक इंच म्हणजे ४९ इंच, आणि बऱ्याच मोठ्या राइड्सची अट ४८ इंचांची आहे. म्हणजे जेमिनी, मॅग्नम, अगदी मिलेनियम फोर्ससुद्धा त्याला मोकळी. स्टील व्हेंजन्स, मॅव्हरिक, व्हॅलरेव्हन यांना ५२ इंच लागतात, रॅप्टरला ५४. त्या ताईच्या. हे घरीच स्पष्ट करून टाका, म्हणजे गेटवरच्या उंची मोजायच्या काठीपाशी रडारड होणार नाही. बूट घालून मापतात.

सुरुवात सीडर क्रीक माइन राइडवर करा. १९६९ची आहे, बुटकी, झाडांतून आणि पाण्याच्या कडेने जाते. मग जेमिनी. तिच्यात शेजारशेजारच्या दोन रुळांवर दोन गाड्या शर्यत लावतात. लाकडी सांगाडा, त्यावर लोखंडी रूळ, १२५ फूट उंच, आणि कुठेही उलटं होणं नाही. शेजारच्या गाडीतल्या लोकांना हात करण्याच्या नादात मुलं घाबरायचं विसरतात. ताईला लाल गाडीत आणि त्याला निळ्या गाडीत बसवा, म्हणजे चिडवणंही थांबेल. फक्त ब्लू स्ट्रीक ७८ फुटांचीच दिसते म्हणून तिच्यापासून सुरुवात करू नका. १९६४ची लाकडी राइड आहे, जागेवरून उचलून उचलून आपटते. पहिल्यांदा बसणाऱ्याला तीच सगळ्यांत भयंकर वाटते.

जेमिनीनंतर त्याने स्वतःहून मागितलं तरच मॅग्नम. माझा जीव मॅग्नमवर आहे. १९८९ साली उघडली तेव्हा २०० फुटांच्या वर गेलेली जगातली पहिली पूर्ण फेऱ्याची (निघाली तिथेच गोल फिरून परत येणारी) कोस्टर होती, २०५ फूट. नंतर याच पार्कात २००० साली ३१० फुटांची मिलेनियम फोर्स आली आणि २००३ मध्ये ४२० फुटांची ड्रॅगस्टर, त्यामुळे आता मॅग्नम आकड्यांत मागे पडली. पण चढावर हळूहळू वर जाताना ईरी सरोवर असं पसरत जातं की पलीकडचा काठ दिसतच नाही. समुद्रच. मग खाली कोसळून किनाऱ्याच्या कडेकडेने बोगद्यांतून जायचं आणि परतीच्या वाटेवर एकामागून एक उंचवटे. मागच्या डब्यात बसलात तर पहिला उतार जास्त जोरात ओढून नेतो. मुलाला मधल्या डब्यात बसवा.

आता आजोबा. पार्कात १९६३ पासून वाफेच्या इंजिनाची आगगाडी फिरते, सीडर पॉइंट अँड लेक ईरी रेलरोड. खेळणं नव्हे, कोळशावर चालणारी खरी इंजिनं, तीन फुटी रूळ. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरच्या गाड्यांच्या गावचा माणूस आहे तो! पार्काच्या मागच्या भागात, फ्रंटियर टाउनला, स्टेशन आहे. तुम्ही, मुलगा, आजी आणि आजोबा या गाडीने मागच्या बाजूला जा आणि नवरा-मुलगी तोवर स्टील व्हेंजन्सच्या रांगेत लागू देत. माइन राइड तिथून जवळच आहे. इंजिनाजवळ आजोबांना घाई करू नका.

फास्ट लेनबद्दल: तुमच्या घरात फार तर दोन माणसं दिवसभर बसणार. मंगळवार-बुधवारी गेलात तर गरज नाही. जुलैतल्या शनिवारी जाणार असाल तर मुलीसाठी आणि नवऱ्यासाठी घ्या, बाकीच्यांसाठी नको.

भर उन्हातली

माझं मत वेगळं आहे. आम्ही माझ्या आई-वडिलांना दुसऱ्या एका पार्कात नेलं होतं. डांबरावरून चालून चालून आईचे पाय सुजले आणि आम्ही सगळे तिच्याभोवती. मुलांचं काहीच झालं नाही. मोठ्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी नायगारा करा, हा दिवस मुलांना द्या.

क्लीव्हलँडची आजी

मी स्वतः एकोणसत्तरची. मुलाबरोबर आणि नातवंडांबरोबर सीडर पॉइंटला जाते, म्हणून माझं ऐका. त्रास चालण्याचा नसतो, पिशव्या सांभाळत बाकावर बसवून ठेवण्याचा असतो. "आई, तुम्ही इथेच थांबा, आम्ही आलोच" म्हणून जातात आणि तास तास येत नाहीत. तेवढं करू नका. सामान लॉकरमध्ये टाका. कोण कुठे आहे आणि केव्हा परत भेटणार, ते ठरवून निघा.

सासूबाईंना सुती सलवार-कुर्ता घालू दे आणि पायात बूट. साडीवर चालायला नाही म्हणत नाही, पण सरोवरावरचा वारा पदर आवरू देत नाही. चालणं जड वाटलं तर तिथे व्हीलचेअर भाड्याने मिळते. लाज वाटू देऊ नका, मी घेते. टोपी हवीच. फ्रंटियर ट्रेलला दाट झाडी आहे. दुपारी दोन ते चार आम्ही तिथे किंवा हॉटेल ब्रेकर्सच्या बाजूला किनाऱ्यावर असतो. ते हॉटेल १९०५ पासूनचं आहे आणि त्याच्यापुढे नुसती वाळू. पाय पाण्यात घालून बसलं की थकवा उतरतो. आकाशपाळण्यात बीपी ताब्यात असेल तर डॉक्टरांना विचारून बसा. वरून एकीकडे सँडस्कीचा उपसागर आणि दुसरीकडे सरोवर, मध्ये ही जमिनीची पट्टी.

जेवणाचं: बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. आम्ही गाडीत थंड पेटीत दही-भात आणि तिखटमिठाच्या पुऱ्या ठेवतो आणि हातावर शिक्का घेऊन बाहेर येतो. चटणी शेंगदाण्याची ठेवा, ओल्या नारळाची उन्हात टिकत नाही.

कुर्डुवाडीची सून

टोलेडोकर, तुमचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं. सासऱ्यांनी खरंच कागद मागितला. चाकं काढली, मग खटका काढला, मग म्हणाले "हे आमच्याकडे क्रेनच्या ड्रमला असायचं." मुलगा मांडीवर बसून विचारतच होता. पुढच्या मंगळवारी जातोय. भर उन्हातली, तुमचं म्हणणंही लक्षात ठेवलंय. व्हीलचेअर घेणार.

एक विचारायचं राहिलं. वारा आला तर खरंच राइड्स बंद होतात का? एवढ्या लांबून जायचं म्हणून विचारते.

टोलेडोकर

होतात. ईरी हे पंचमहासरोवरांतलं सगळ्यांत उथळ, त्यामुळे वाऱ्याने ते झपाट्याने खवळतं. जोराचा वारा किंवा वीज दिसली की उंच राइड्स आधी थांबवतात. म्हणून मुलीला जी राइड सगळ्यांत प्रिय आहे ती दुपारसाठी राखून ठेवू नका, सकाळी उरकून घ्या. बंद झाली तर बुटक्या राइड्सकडे वळा, सगळे तिकडेच धावायच्या आत. संध्याकाळी वारा पडला की पुन्हा सुरू होतात. आणि जून-जुलैत कधी कधी मेफ्लाय नावाच्या किड्यांचे थवेच्या थवे येतात, भिंती काळ्या होतात. चावत नाहीत. मुलांना आधी सांगून ठेवा. एक पातळ जाकीट प्रत्येकाला, कितीही उकडत असलं तरी.

कुर्डुवाडीची सून

काल जाऊन आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॉजवेवर, म्हणजे पाण्यातून पार्काकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाडी आली आणि पाण्यापलीकडे सगळे सांगाडे एकदम दिसले, तेव्हा मुलगा गप्प झाला. सासरे मागच्या सीटवरून म्हणाले, "आधी सगळं खालून बघू. बघितल्याशिवाय बसायचं नाही." तसंच केलं. मॅग्नमच्या चढाखाली दोघं उभे राहून खटके ऐकत होते, गाडीमागून गाडी गेली तरी हलेनात. सासूबाई म्हणाल्या, ह्यांना इथेच मुक्काम करायचाय.

माइन राइड झाली. जेमिनीच्या रांगेत त्याचा हात घामाने ओला होता, पण उतरल्यावर "परत!" म्हणाला. शर्यतीत ताई हरली. मॅग्नमला "पुढच्या वेळी" म्हणाला आणि आम्ही कोणीच आग्रह केला नाही. मुलीने नवऱ्याला स्टील व्हेंजन्समध्ये दोनदा बसवलं. तीन वाजता वारा सुटला, मिलेनियम फोर्स थांबली, ती हिरमुसली. साडेसहाला पुन्हा सुरू झाली तेव्हा मी तिच्याबरोबर बसले. ३१० फुटांवरून खाली बघताना मला माझं नावही आठवत नव्हतं, आणि ती शेजारी हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांनी आगगाडीत तीन फेऱ्या मारल्या. इंजिन चालवणाऱ्या मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले, बॉयलरचं प्रेशर विचारलं. त्यानेही कौतुकाने सगळं सांगितलं. नवरा परतीच्या वाटेवर म्हणाला, "बाबांना घरी ठेवायला निघालो होतो मी."

सिनसिनाटीचा

मस्त! आमच्याकडे दोन वर्षांचं बाळ आणि नऊ वर्षांचा मुलगा. आम्हा दोघांनाही मोठ्या राइडवर बसायचं असेल तर रांग दोनदा लावायची का?

टोलेडोकर

नाही. पॅरेंट स्वॅप मागा. एक जण मुलाबरोबर बसतो, दुसरा बाळाजवळ थांबतो, मग अदलाबदल. दुसऱ्याला रांग पुन्हा लावावी लागत नाही. सकाळी आत गेल्या गेल्या गेस्ट सर्व्हिसेसला विचारून घ्या. तिथेच नऊ वर्षांच्याची उंचीही मोजून घ्या, म्हणजे दिवसभर प्रत्येक गेटवर काठीपाशी थांबायला नको.