मदत हवी आहे: आप्पांचं सीआरपी वाढलंय, खारीला पर्याय काय? (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी, आम्ही विश्रामबागला राहतो. आप्पा ६८ वर्षांचे, मागं अँजिओप्लास्टी झालीय, गोळ्या वेळेवर घेतात, चालायलाही जातात. तरी आत्ताच्या रिपोर्टला एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं आणि एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ४.२ आलंय, ३ च्या वर म्हणजे जास्त म्हणे. सर्दी-ताप काहीच नव्हता. डॉक्टरांनी टेस्ट परत करायला सांगितलीय आणि बेकरीचं किती खाता विचारलं, तर आई म्हणाली सकाळी चहाबरोबर खारी, चार वाजता परत खारी नाहीतर बटर, आणि हे कित्येक वर्षं. ते आधी बंद करा म्हणाले.

मी थोडं वाचलं. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात, ती प्रक्रिया अर्धवट ठेवली की ट्रान्स फॅट तयार होतं. त्यानं एलडीएल वाढतं, चांगलं एचडीएल कमी होतं, शिवाय शरीरात आतून सूज धरते. अमेरिकेत नर्सेसवर मोठा अभ्यास झालाय, त्यात ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्या बायकांचं सीआरपी पण जास्त निघालं. हे वाचून फार काळजी वाटली कारण एकदा स्टेंट पडलाय.

आता गोंधळ असा की बेकरीवाल्या काकांनी वनस्पती तुपाचा (डालडासारख्या) डबाच दाखवला, त्यावर ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत लिहिलंय. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडं तसा नियमच आहे. म्हणजे १०० ग्रॅम खारीत ३० ग्रॅम फॅट धरलं तरी ट्रान्स फॅट ०.६ ग्रॅमच, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाला साधारण २.२ ग्रॅमची आहे. मग मला वाटतं आता खरा त्रास त्यातल्या पाम तेलाच्या सॅच्युरेटेड फॅटचा असावा, एलडीएल त्यानंही वाढतंच, आणि सुट्ट्या खारीवर तर लेबलही नसतं की बघून घ्यावं. बरोबर आहे का हे?

आप्पा म्हणतात मग घरच्या तुपातली नानकटाई करा. पण सॅच्युरेटेड तर तुपातही भरपूर, म्हणून मला ते पटत नाही. घरी शेंगतेलात कमी तेलाचं भडंग करून दिलं तर चालेल का, मीठ बेतानं घालून?

कुणाच्या घरी स्टेंटनंतर बेकरी सोडवलीय त्यांनी चारच्या चहाबरोबर काय देता ते प्लीज सांगा, दात कमजोर आहेत त्यामुळे फुटाणे जमत नाहीत. आणि सांगली-मिरजेत हार्ट पेशंटला आपलं रोजचं जेवण धरून डाएट लिहून देणारे चांगले आहारतज्ज्ञ माहीत असतील तर तेही कळवा, पुढच्या तपासणीआधी सुरू करायचंय.