रिस्क रजिस्टर भरून जोखीम कळते का?

समांतर:
प्रोजेक्ट सुरू होताना रिस्क रजिस्टर (काय काय बिघडू शकतं याची यादी) भरणं हा निव्वळ सोपस्कार झालाय. मागची शीट उघडायची, नाव-तारीख बदलायची आणि ‘मनुष्यबळ कमी पडू शकते’ छापाच्या ओळी तशाच ठेवायच्या. त्या कुठल्याही प्रोजेक्टला लागू पडतात, म्हणून कुणाच्याच कामी येत नाहीत. याउलट हे वाचा: ‘पेमेंटचं इंटिग्रेशन एकालाच येतं, तो लाँचच्या आठवड्यात रजेवर आहे, तेव्हा बिघाड झाला तर लाँच पुढे जाईल.’ कारण, घटना, परिणाम, तिन्ही आलं. हे मॅनेजरला नाही, काम करणाऱ्यालाच माहीत असतं. टेम्प्लेट बंद करा, माणसांना विचारा.

काटकोन:
अजिबात पटलं नाही. माणसं मागच्या वेळी जिथे पोळली तेवढंच सांगतात. ४ जून १९९६ ला एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण साधारण ४० सेकंदांत संपलं. आधीच्या एरियान ४ मधलं सॉफ्टवेअर उचललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. तज्ज्ञांची तिथे वानवा नव्हती. ‘जुनं काय वापरतोय आणि ते कोणत्या गृहीतकावर उभं आहे?’ हा प्रश्न टेम्प्लेटच्या यादीत कायमचा हवा, कारण ऐनवेळी तो सुचत नाही.

नीलपक्षी:
ओळखून तरी काय होतं? चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, त्याचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग दगा देतील. त्यांच्याच व्यवस्थापनाने त्यांचं म्हणणं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले आणि सात जीव गेले. हे वाचताना आजही संताप येतो.

समांतर:
@नीलपक्षी, म्हणूनच मी माणसांवर भर देतोय. विरोधात बोलणाऱ्याकडे पुरावा मागत बसलं की तो गप्प होतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्री-मॉर्टेम पद्धत इथे उपयोगी पडते: प्रोजेक्ट फसलाय असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने कारणं आधी लिहायची, मग वाचायची. माझ्या मते साहेबांनी सगळ्यांत शेवटी. शंका काढणं हेच काम ठरल्यावर कुणी नकारात्मक ठरत नाही.

काटकोन:
प्री-मॉर्टेम मान्य. पण निघालेली कारणं लिहिणार कुठे? रजिस्टरमध्येच ना! प्रत्येक जोखमीपुढे एका माणसाचं नाव (‘टीम’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही) आणि काय दिसलं की हालचाल करायची, तेही.

उंबरठा:
बाहेरून काम करून देणाऱ्या व्हेंडरचं काय? उशीर कबूल केला की दंड, मग तो त्या मीटिंगमध्ये खरं का बोलेल? माझ्या पाहण्यात मोठ्या जोखमी तिथेच लपतात आणि तुमची कुठलीच पद्धत तिथे पोचत नाही.

काटकोन:
ते करारातच सोडवावं लागतं. बांधकामात वापरल्या जाणाऱ्या एनईसी या ब्रिटिश नमुना करारांत अडचण दिसताच दोन्ही बाजूंनी एकमेकांना कळवायचं कलम आहे. कंत्राटदाराने वेळेत कळवलं नसेल तर त्याची भरपाई ठरवताना ते विचारात घेता येतं. सॉफ्टवेअरच्या करारांतही हे घालायला हवं.

समांतर:
हे कलम मलाही हवंय. टेम्प्लेटबद्दलचं मत मात्र कायम आहे.