मदत हवी आहे: आई-बाबांचे दात, डोळे, कान – विमा घ्यावा की पैसे बाजूला ठेवावे?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नागपूरच्या महाल भागात राहतात, मी मनीषनगरला. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. बाबा अनुदानित शाळेतून निवृत्त झाले. पेन्शन आहे, पण निवृत्तीनंतर दवाखान्याची कुठलीच सोय नाही. दोघंही धडधाकट होते, म्हणून विमा घ्यायचा राहून गेला. आईला शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत.

वर्षभरात तीन गोष्टी एकदम पुढे आल्या. बाबांच्या खालच्या दाढा गेल्या आहेत आणि वरचे चार दात हलतात. भाकर वरणात कुस्करून गिळतात. त्यांना आवडते म्हणून आईने पुडाची वडी केली, तर आतलं सारण तेवढं खाल्लं आणि पारी ताटात तशीच ठेवली. ऐकूही कमी येतं. फोनवर सगळ्याला "हो, हो" म्हणतात आणि नंतर कळतं की काहीच ऐकलं नव्हतं. गेल्या महिन्यात मागून ई-रिक्षा अगदी जवळ आली, हॉर्न वाजत होता, तरी हे रस्त्याच्या मधून चालतच राहिले. मी सोबत होते म्हणून हात धरून ओढलं. त्या दिवसापासून मला झोप नाही. आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा आधी करावा लागेल असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. पोथी वाचणं तिने चार महिन्यांपासून सोडलंय.

ओळखीतल्या एका एजंटने "दात, डोळे, कान सगळं त्यात येतं" म्हणून पॉलिसी सुचवली आहे. दोघांचा मिळून पाच लाखांचा विमा आणि वर ओपीडीची, म्हणजे भरती न होता होणाऱ्या खर्चाची जोड. वर्षाचा हप्ता ६१ हजार, त्यातले ११,५०० फक्त या जोडीचे. ओपीडीची मर्यादा वर्षाला १५ हजार. कागद नीट पाहिला तर त्यात दात आणि चष्मा मिळून ५ हजारच आहेत. श्रवणयंत्राचा उल्लेख कुठेच सापडला नाही. विचारलं तर "ताई, होऊन जाते" एवढंच उत्तर.

मला कळत नाही आहे की ही जोड घ्यावी का. नुसती दात-डोळे-कान यांसाठी वेगळी पॉलिसी असते का? आणि आईच्या ऑपरेशनला यातून पैसे मिळतील का? हप्ता मी आणि भाऊ मिळून भरणार, तेव्हा पैसा वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

— महालची लेक

प्रतिसाद: जुना_विमावाला

ताई, तीस वर्षं विमा क्षेत्रात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात भरती होण्यासाठी आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र साधारणपणे 'न मिळणाऱ्या' खर्चांच्या यादीत असतात. दातांचं काम अपघातानंतर किंवा भरती व्हावं लागलं तरच धरतात. कवळी, रूट कॅनाल, साफसफाई मूळ पॉलिसीत येत नाही. चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशनसुद्धा ७.५ पेक्षा कमी नंबर असेल तर वगळलेलं असतं. दात-चष्म्याचं काही मिळालंच तर ते ओपीडीच्या जोडीतून. तुम्हीच लिहिलंय, ११,५०० भरून दात आणि चष्म्याला ५ हजार. बाकीचे १० हजार तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीमध्ये पूर्ण वापरले, तरच हिशेब थोडा जुळतो. मी असतो तर जोड घेतली नसती.

मोतीबिंदूचं मात्र वेगळं आहे. हे ऑपरेशन सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याचं असलं तरी विम्यात बसतं. पण त्याला बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, तोवर त्याचे पैसे मिळत नाहीत. 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे एकाच स्वरूपात मिळणारी पॉलिसी २०२० पासून आहे. तिच्यातही २४ महिने आणि एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार, यातलं जे कमी ते. आईचा मोतीबिंदू तर कागदावर आलेला आहे. तो आधीपासूनचा आजार म्हणून सांगावाच लागेल आणि त्याची प्रतीक्षा ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. म्हणजे आज घेतलेली पॉलिसी या ऑपरेशनला उपयोगाची नाही. तोवर वाट पाहू नका, पदरचे पैसे घालून किंवा सरकारी दवाखान्यात आत्ताच करून घ्या. मोतीबिंदू 'पिकू' द्यावा लागतो ही जुनी समजूत आहे, रोजच्या कामात अडचण येऊ लागली की करायचं.

शुगर आणि मोतीबिंदू अर्जात लिहिल्याशिवाय सही करू नका. एजंट "नको लिहू" म्हणाला तरी लिहा, दावा नाकारला जातो तो तिथेच.

पाच लाखांची मूळ पॉलिसी घ्यायला मात्र माझा विरोध नाही. पासष्टीनंतर नवीन विमा मिळत नाही हेही आता खरं नाही. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने (आयआरडीएआय) वयाची ती अट काढली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. एजंटने ६१ हजारांत तो धरला असेल तर विचारा.

प्रतिसाद: वैनगंगा

ताई, कानाचं सांगते, कारण सासऱ्यांचं याच वर्षी केलं.

थेट दुकानात जाऊन मशीन घेऊ नका. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे निम्मी अडचण कानातल्या मळाची निघाली, तो काढल्यावर टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत होईल, खासगीत धंतोली-रामदासपेठेत. कुठला कान किती कमी ऐकतो त्याचा आलेख हातात मिळतो. तो घेऊन दोन ठिकाणी यंत्र लावून बघा, किमतीत फार फरक पडतो. आम्हाला एका कानाचं २८ हजारांना पडलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंतर चार-पाच वेळा जाऊन आवाज बसवून घ्यावा लागतो. पहिले पंधरा दिवस सासरे काढून ठेवत होते, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणायचे. आम्ही रोज आधी एक तास, मग दोन तास असं लावलं. आता सकाळी चहाआधी स्वतःच घालतात. नीट बसवून घ्यायला कोणी सोबत गेलं नाही तर यंत्र कपाटात पडून राहतं, पैसे कितीही घाला.

आणि सोबत चालताना त्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवत जा.

प्रतिसाद: हिंगणा_रोड

कवळीसाठी मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. माझ्या आईची तिथेच केली. खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी, पण वेळ लागतो. दात काढल्यावर हिरड्या भरून येईपर्यंत थांबावं लागलं, मग माप, पुन्हा माप, चाव्याचं माप, मेणावरची ट्रायल आणि शेवटी कवळी. पाच-सहा फेऱ्या धरून चला. शिकणारी मुलं करतात, वर त्यांचे शिक्षक बघतात. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद: सेतू_मदतनीस

बाबांचं वय ७१, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार आणि मोबाइल पुरतो. भरती झाल्यावरच चालतं. ओपीडी, कवळी, चष्मा त्यात नाही. वेगळा खासगी विमा असला तरी हे मिळतं. आई अजून ७० ची नाही, तिच्यासाठी रेशन कार्डावर महात्मा फुले योजना बघा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्यांना विचारा की हे बसतं का.

ज्यांचं वय ६५ च्या वर आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे, त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये थेट खात्यात येतात. तुमच्या बाबांची पेन्शन बघता बसणार नाही बहुतेक, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

महालची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाऊ आणि मी हिशेब घेऊन बसलो. ओपीडीची जोड घेत नाही आहोत, एजंटला तसं कळवलं. ते ११,५०० आणि भावाचे महिन्याचे तीन हजार आईच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवतोय, त्यातूनच यंत्र आणि कवळी करू. मूळ पॉलिसीसाठी दोन ठिकाणचे हप्ते मागवलेत, जीएसटीशिवायचे. अर्जात शुगर आणि मोतीबिंदू दोन्ही लिहिणार.

बाबांचं कार्ड आज निघालं. त्यांच्याही कानात मळ निघाला, पण ऑडिओमेट्रीत दोन्ही कान कमीच आले, डावा जास्त. ते म्हणतात, "एकाच कानाला लावू, तेवढ्यात भागते." डॉक्टर दोन्ही सांगतात. वैनगंगा ताई, तुमच्या सासऱ्यांना एकावर भागतंय का? रस्त्यावर गाडी कोणत्या बाजूने येते ते कळतं का? मला मुख्य काळजी तीच आहे.

आईला उजव्या डोळ्यासाठी पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. शुगर आधी तपासून घेतोय.

प्रतिसाद: वैनगंगा

नाही ताई. घरात बोलताना भागतं, पण रस्त्यावर आवाज कुठून आला ते सासऱ्यांना एका यंत्रावर कळत नाही. आम्हीही दुसरं घ्यायचं ठरवलंय. बाबांना दोन्ही लावून गांधीसागरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणा, त्यांनाच फरक कळेल.